दुसरी पसंती

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार. अमरावती

काल विधानसभेचा निकाल लागला. आमच्याकडे निवडून आलेल्या माणसाला शंभरातली एकतीस मते पडली. उरलेल्या एकोणसत्तर जणांना तो नको होता, पण ते सहा जणांत वाटले गेले आणि नको असलेला माणूस त्यांचा आमदार झाला. सकाळी मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. गुलाल फाटकाच्या आतपर्यंत आला. सौ. सुभद्रा झाडत होती, मी पाहत होतो.

"दर पाच वर्षांनी असेच बोलता तुमी," ती म्हणाली. "काही करत तं नाई."

बत्तीस वर्षे मुलांना राज्यशास्त्र शिकवले. पदवीधर मतदारसंघात मी स्वतः उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे आकडे लिहून मतदान करून आलो आहे. शिकलेल्यांना पसंतीक्रम लावता येतो, तर बाकीच्यांना का येऊ नये? कायदा संसदेचा आहे हे खरे, पण राज्याच्या विधानसभेला शिफारशीचा ठराव करता येतो. कोणीतरी मागणी लावून धरली पाहिजे. मी धरणार आहे. ही वही त्यासाठीच घेतली.

८ डिसेंबर २०२४, रविवार. अकोला

निखतकडे जाऊन आलो. ती माझी एम.ए.ची विद्यार्थिनी. आता अकोल्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. वडिलांचे, कुर्बानभाईंचे, गाद्या-रजयांचे दुकान आहे; वर घर. दुकानातच बसलो. कापसाचे तंतू चहात पडत होते.

कुर्बानभाई म्हणाले, "सर, एक मत देता देता लोकायचे हाल होतात. आता तीन-तीन द्याचे का?"

"अब्बा, मत एकच," निखत म्हणाली. "फक्त नंबर लावून द्यायचं. पहिला नाही आला तर दुसरा."

मला जे सांगायला एक तास लागतो ते तिने एवढ्यात सांगितले. मग मला म्हणाली, "सर, तुम्ही नाव द्या, मी फिरते."

मंचाचे नाव ठरले: पसंतीक्रम मतदान मंच. परत येताना गाडीत फार दिवसांनी बरे वाटत होते.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. बार्शीटाकळी

शाळेच्या व्हरांड्यात सभा. मी प्रास्ताविक केले. लोक जरा कंटाळलेले वाटले. दुपारची वेळ होती. मग निखत उठली आणि म्हणाली, आपण निवडणूकच घेऊ. उभे कोण? रोडगे, पाटवडी आणि बिर्याणी. सगळ्यांनी चिठ्ठीवर आवडीचे नंबर लावायचे. लिहिता न येणाऱ्यांनी शेजारच्याला सांगायचे.

रोडगे पुढे, पाटवडी मधे, बिर्याणी मागे. अर्ध्याच्या वर कोणीच नाही. निखतने बिर्याणी बाद केली आणि तिच्या चिठ्ठ्या उचलून त्यांवरची दुसरी पसंती वाचली. बहुतेकांनी पाटवडी लिहिलेली. पाटवडी जिंकली. लोक हसले.

आशाबाई म्हणून एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे ज्याची बिर्याणी गेली त्याच्या हाती पाटोडी तरी लागली."

"बरोबर जी," निखत म्हणाली. "तुमचं मत फुकट गेलं नाही."

मागे बसलेल्या एकाने विचारले, "मॅडम, तुमी उभ्या राहून राहिल्या का कुठं?"

"नाही."

"मंग कायले उन्हात फिरून राहिल्या?"

तिने चिठ्ठ्या गोळा करायला घेतल्या. मी उत्तर दिले, पण ते लांबले.

२० एप्रिल २०२५

निखत चांदूर रेल्वेला एकटी जाऊन आली. माझे गुडघे. तिथे शंभरावर माणसे होती म्हणते. तिने विधानसभेला द्यायच्या निवेदनाचा मसुदाही केला आहे. मी दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केले. भाषा सोपी आहे, जरा जास्तच सोपी, पण चालेल. संस्थापक म्हणून खाली माझे नाव घातले. तिचे कुठे घालावे ते कळेना. निवेदनाला एकच नाव शोभते.

१५ जून २०२५, रविवार. गुरुकुंज मोझरी

दोन दिवसांचे शिबिर. आता मंचाचे सभासद शंभराच्या वर गेले. दोन माणसे विशेष कामाची मिळाली आहेत.

एक ओमप्रकाशजी, अकोल्यातले मंगल कार्यालयवाले. सज्जन, वयस्क. सभेला त्यांचे कार्यालय केव्हाही मोकळे.

दुसरा विपुल. वय चौतीस-पस्तीस, वडिलांचे बांधकामाचे काम, बोलण्यात मऊ. आल्याबरोबर माझ्या पाया पडला. त्याने एका महिन्यात पन्नास सभासद आणले, सगळे तरुण. निखतने त्यांतल्या दोघांना पद्धत समजावून सांगा म्हटले तर ते एकमेकांकडे पाहू लागले. "सर, हे आले कशाला?" असे तिने मला बाजूला घेऊन विचारले. मी म्हणालो, चळवळीत सगळ्यांना घ्यावे लागते. कधी कधी ती फार लवकर शंका घेते.

१० ऑगस्ट २०२५, रविवार

मोठी बातमी. आपल्या भागातले एक आमदार हिवाळी अधिवेशनात अशासकीय ठराव मांडायला तयार झाले आहेत. मंचाच्या अध्यक्षांनी नागपूरला यावे, इतर आमदारांनाही समजावून सांगावे, असा निरोप.

पण मंचाला अध्यक्ष नाही. मी संस्थापकच बरा, आणि गुडघे असे. विपुल म्हणाला, "सर, निवडणूकच घेऊ. आपल्याच पद्धतीनं. पेपरवाले बोलावू." कल्पना उत्तम. निखतलाही पटली. आठ महिन्यांत काम कोणी केले हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे निकालाचा प्रश्नच नाही. तिघे उभे आहेत: निखत, विपुल, आणि नुसती निवडणूक रंगावी म्हणून ओमप्रकाशजी.

३ सप्टेंबर २०२५

आमदारांच्या कार्यालयातून फोन. अध्यक्ष कोण होणार म्हणून विचारले. मी निखतचे नाव सांगितले. मग, "पूर्ण नाव काय?" सांगितले. "बरं. तुमच्याकडं अजून कोनी नाई का? नाई, मॅडम चांगल्याच असतील. पन ठरावाले सगळे पक्ष लागतात, सर. वातावरन तुमाले माहीत हाये."

मी म्हटले, निर्णय सभासद घेतील. हे ठणकावून सांगितले याचे समाधान आहे. निखतला बोललो नाही. उगाच मन दुखावले असते.

२१ सप्टेंबर २०२५, रविवार

पुढच्या रविवारी मतदान. ओमप्रकाशजींचा फोन. म्हणाले, "पंजाबराव, मले काही जिकायचं नाई. पन माझ्याच कार्यालयात, पेपरवाल्यायसमोर, पाच-दहा मतं पडली तं नातेवाईकायत तोंड दाखवता नाई येनार."

त्यांचे खरे आहे. आणि आपल्या पद्धतीचे सौंदर्यच हे, की कोणाचे मन राखून कोणाला निवडता येते. जुन्या चार-पाच सहकाऱ्यांना फोन केले: पहिली पसंती ओमप्रकाशजींना द्या, दुसरी निखतला. ती तर निवडून येतेच आहे. सगळे आनंदाने हो म्हणाले. एकदोघे तर जरा सुटल्यासारखे बोलले.

सुभद्रा भाजी निवडत ऐकत होती. "तुमी सोता कोनाले देनार?"

"मीही तसेच. इतरांना सांगायचे आणि आपण वेगळे करायचे, हे बरे नाही."

ती निवडलेली भाजी घेऊन आत गेली.

मनाला विचारले, त्या फोनचा याच्याशी काही संबंध आहे का? नाही. मी तपासून पाहिले. नाही.

२८ सप्टेंबर २०२५, रविवार. अकोला

लिहावेसे वाटत नाही, तरी लिहितो.

एकशे सदतीस जणांनी मतदान केले. मी निवडणूक अधिकारी. मोजणी फळ्यावर निखतच लिहीत होती, कारण दुसऱ्या कोणाला ती नीट येत नाही. उमेदवाराने मोजणी करावी का, असे एका पत्रकाराने विचारले तेव्हा विपुल म्हणाला, "ताईंवर आमचा पूर्ण विश्वास आहे." टाळ्या पडल्या.

सकाळपासून जो येई तो तिला सांगे, "मॅडम, तुमचं नाव लिहिलं बरं का." विपुलची पोरेसुद्धा. ती प्रत्येकाला शुक्रिया म्हणत होती. कुर्बानभाई नवा पांढरा कुर्ता घालून शेवटच्या रांगेत बसले होते.

पहिली पसंती: विपुल बावन्न, ओमप्रकाशजी चव्वेचाळीस, निखत एक्केचाळीस.

अर्ध्याच्या वर कोणी नाही. सगळ्यात मागे निखत. नियमाप्रमाणे सगळ्यात मागचा बाद. फळ्यासमोर ती तशीच उभी राहिली. तिने खडू उचलून स्वतःच्या नावावर आडवी रेघ मारली, आणि "आता या एक्केचाळीस चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती पाहू" असे त्याच आवाजात म्हणाली, ज्या आवाजात बार्शीटाकळीला म्हणाली होती.

तिच्या लोकांची दुसरी पसंती विपुलकडे जास्त गेली. तरुण आहे, नागपूरला धावपळ करील, असे त्यांना वाटले असेल. विपुल चौऱ्याहत्तर. निवडून आला. पोरांनी बाहेर फटाके लावले. आधीच आणून ठेवले असावेत. उत्साही आहेत.

ओमप्रकाशजी माझ्या कानाशी म्हणाले, "हे काय झालं, पंजाबराव? मले इतके कोनी देल्ले?"

लोक गेल्यावर निखतने उरलेल्या दोन गठ्ठ्यांतल्या चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या. मी थांबवले नाही. तिच्या नावापुढे दोन लिहिलेल्या चिठ्ठ्या पंच्याऐंशी होत्या.

"सर, ओमप्रकाशजींच्या चव्वेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांनी मला दुसरी दिली आहे. ते मागे पडले असते तर मी ऐंशीवर गेले असते."

"हो."

"या पंच्याऐंशी कोणी मोजल्याच नाहीत."

"नियम तसा आहे, निखत. ज्याची पहिली पसंती टिकून आहे त्याची दुसरी उघडत नाहीत."

"नियम मलाच माहीत आहे, सर. मीच सांगत फिरले."

तिने चिठ्ठ्यांना रबर लावले आणि गठ्ठे माझ्या हातात दिले. कुर्बानभाई जिन्यापाशी उभे होते. मी म्हणालो, थोडक्यात गेले. ते म्हणाले, "सर, कोनी नाई म्हनत नाई आमाले. इतकं चांगलं बोलतात का मानूस भांडू बी शकत नाई."

२९ सप्टेंबर २०२५

गणित तीनदा करून पाहिले. ओमप्रकाशजी चव्वेचाळीस, निखत एक्केचाळीस. माझे एक मत मी निखतला पहिले दिले असते, तर त्रेचाळीस आणि बेचाळीस. तरीही तीच बाद. म्हणजे माझ्या मताने काहीही फरक पडला नसता. हे सुभद्राला समजावून सांगितले.

ती म्हणाली, "अन् ज्यायले तुमी फोन केले ते?"

तिला आकडेमोडीत कधीच गती नव्हती.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

निखत अमरावतीला आली. सुभद्राने तिला जेवूनच जा म्हणून बसवले. जेवताना दोघीच बोलत होत्या, कॉलेज, वडिलांचा दमा. नंतर मला म्हणाली, "सर, एकच विचारायला आले. तुमची पहिली पसंती कोण होती?"

मी म्हणालो, "निखत, मतदान गुप्त असते. निवडणूक अधिकाऱ्याचे तर विशेषच."

तिने मान हलवली. नाराज झाली असे वाटले नाही. उत्तर तत्त्वाला धरून होते आणि ती तत्त्वे जाणते. फाटकापर्यंत सुभद्रा तिला सोडायला गेली. परत आल्यावर तिने माझे ताट उचलले नाही. माझे मलाच उचलावे लागले.

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

विपुलला त्याच्या गावी नगराध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. पत्रकात त्याच्या नावाखाली छापले आहे: मतदार सुधारणा चळवळीचे अध्यक्ष. मतदार सुधारणा नव्हे, मतदान सुधारणा. फोन करून सांगितले. म्हणाला, "सर, छपाईवाल्यानं घोळ केला." पुढचे विचारले, अधिवेशनाचे काय? "निवडणूक झाली की तेच काम, सर."

निवडणूक डिसेंबरात, निकालही डिसेंबरात. अधिवेशनही डिसेंबरातच. हे त्याच्या लक्षात आलेले दिसत नाही.

१० डिसेंबर २०२५, बुधवार

आज दुपारी निखतचा फोन, नागपूरहून. रजा टाकून एकटीच गेली होती. मसुद्याच्या प्रती घेऊन आमदारांना भेटायला.

"सर, आमदारांचे स्वीय सहायक म्हणतात, मंचाचं पत्र दाखवा, नाहीतर वेळ देता येणार नाही. विपुल फोन उचलत नाही. तुम्ही संस्थापक आहात. दोन ओळी लिहा, सही करा, फोटो काढून पाठवा. साहेब अर्ध्या तासात सभागृहात जातील."

मी म्हणालो, "अध्यक्ष असताना संस्थापकाने परस्पर पत्र देणे बरोबर नाही. विपुलला विचारून लगेच कळवतो."

"सर, कागद तुमच्यासमोर असेल. दोनच ओळी."

"विचारतो म्हटले ना."

विपुलला सात-आठ वेळा लावला. संध्याकाळी त्याचा आला. हो हो म्हणाला, द्या ना पत्र, त्यात विचारायचं काय. मी तेव्हा लगेच लिहून पाठवले. निखतने ते पाहिले, पण तोवर ती परतीच्या गाडीत होती. उत्तरात तिने काही लिहिले नाही. गाडीत रेंज नसते.

सुभद्राला सगळे सांगितले. "तुमाले तिच्यासाठी कधीच घाई नसते," म्हणाली, आणि देवापुढे दिवा लावायला गेली.

१४ डिसेंबर २०२५, रविवार

अधिवेशन संपले. ठराव कामकाजात आलाच नाही. आमदारांच्या कार्यालयाने सांगितले, कोणी पाठपुरावाच केला नाही.

२१ डिसेंबर २०२५, रविवार

विपुल निवडून आला. सात उमेदवार होते. त्याला शंभरातली अठ्ठावीस मते. गावातले लोक सांगतात, सातपैकी तिघे त्यानेच उभे केले होते, विरोधकांची मते फुटावीत म्हणून. पुरावा नसताना असे लिहिणे योग्य नाही. पण सभासद म्हणून आणलेल्या त्या पोरांपैकी दोघांची नावे त्या तिघांत आहेत, हे खरे.

४ जानेवारी २०२६, रविवार

विपुलच्या सत्काराला जाऊन आलो. न जाण्याचे ठरवले होते. पण त्याने गाडी पाठवली, आणि दारात आलेली गाडी परत कशी पाठवायची. सुभद्रा आली नाही. तिचे म्हणे डोके दुखत होते.

मला व्यासपीठावर पहिल्या रांगेत बसवले. शाल, श्रीफळ. विपुल भाषणात म्हणाला, "सरांनी मला एक गोष्ट शिकवली. मत कसं मोजतात हे ज्याला कळलं, त्याला राजकारण कळलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे पाहून वाजवल्या. बत्तीस वर्षांत माझ्यासाठी इतकी माणसे कधी जमली नव्हती. डोळ्यांत पाणी आले, ते नक्की कशाने हे मला सांगता येणार नाही.

ओमप्रकाशजी भेटले. त्यांनी मंच सोडला. म्हणाले, "मले अजूनही झोप नाई लागत, पंजाबराव. तुमाले लागते का?"

मी म्हणालो, वयाप्रमाणे कमी झाली आहे.

१८ जानेवारी २०२६, रविवार

मंच नव्याने उभा करायचा असे मनाने घेतले आहे. या वेळी निवडणूक वगैरे नाही. निखतला सरळ अध्यक्ष नेमायचे, संस्थापकाच्या अधिकारात. तिला न्याय दिल्यासारखेही होईल. सुभद्राला सांगितले, तर म्हणाली, "नेमून टाका. आता तुमच्याकडं दुसरं कोनी उरलंच नाई."

सकाळी निखतला फोन लावला. तिचा फोन कुर्बानभाईंनी उचलला. मागे कपबशा खाली ठेवल्याचा आवाज येत होता, आणि कोणीतरी हसत होते. हसणे वर्गात ऐकलेले, ओळखीचे वाटले.

"निखत आहे का?"

मागचा आवाज थांबला.

"नाई, सर. ते कॉलेजात गेली."

मी म्हणालो, आल्यावर फोन करायला सांगा. ते म्हणाले, सांगतो.

आज रविवार. पण बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत. जादा तास ठेवले असतील.